व्हिडिओ कॉलवर डॉक्टर: अर्धी तपासणी आपल्या हातात असते

मुंबईत डॉक्टरकडे जाणं म्हणजे आधी प्रवास, मग रांग आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. कर्जत, कसारा, विरार, पनवेल, कुठूनही परळच्या मोठ्या हॉस्पिटलात यायचं तर पहाटेची लोकल, आजारी माणसाला बसायला मिळतंय का याची धाकधूक, केसपेपरची रांग, ओपीडीच्या दाराशी दुसरी रांग आणि आत गेल्यावर बऱ्याचदा पाच मिनिटांत "रिपोर्ट चांगला आहे, गोळ्या त्याच चालू ठेवा, तीन महिन्यांनी या". बरोबर आलेल्या मुलाचा खाडा झाला तो वेगळाच. हे जे शेवटचं पाच मिनिटांचं काम आहे ना, ते घरी बसून व्हिडिओ कॉलवर होतं, नियमात बसतं आणि नीट केलं तर चांगलं होतं.

पण "नीट केलं तर" हे महत्त्वाचं. मी आजूबाजूला बघते तर दोन टोकाची माणसं दिसतात, एक "फोनवर कसला डॉक्टर, हात लावल्याशिवाय काय कळतंय" म्हणणारी आणि दुसरी छातीत दुखत असतानाही अ‍ॅपवर अपॉइंटमेंट शोधत बसणारी. पहिल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डॉक्टर पोट दाबून बघतात, पाठीला स्टेथोस्कोप लावतात, नाडी बघतात, तुम्ही दारातून आत येता तेव्हा धाप लागतेय का, पाय ओढत चालताय का हेसुद्धा बघून ठेवतात. फोनवर हे हात नसतात. मग ते काम घरातल्याच कोणीतरी करायचं असतं, डॉक्टर सांगतील तसं, आणि त्याची तयारी कॉल लागायच्या आधी करायची असते. डोकं डॉक्टरांचं, हात आणि डोळे आपल्या घरातले, असं हे काम चालतं.

आधी नियमांचं थोडं बोलूया, कारण "फोनवर औषध लिहून दिलेलं चालतं का" हे लोक अजून विचारतात. २०२० च्या आधी याबद्दल स्पष्ट असं काही नव्हतंच. रत्नागिरीच्या एका केसमध्ये डॉक्टर हजर नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली आणि पेशंट दगावली, २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, आणि त्यानंतर बरीच डॉक्टर मंडळी फोनवर काही सांगायलाच बिचकायला लागली. मग कोविड आला. २५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभरच्या लॉकडाऊनच्या अगदी पहिल्या दिवशी, केंद्राकडून टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करायची, मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि आज डॉक्टर कॉलवर जे करतात ते त्याच चौकटीत.

त्यात आपल्या कामाच्या काही गोष्टी आहेत. भारतातला नोंदणी असलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही पेशंटला बघू शकतो, म्हणजे तुम्ही भांडुपला आणि डॉक्टर वेल्लोरला हे चालतं, पण परदेशात बसलेला डॉक्टर या नियमांत येत नाही. डॉक्टरांनी नाव आणि नोंदणी क्रमांक दाखवायचा आणि पेशंटनेही खरं नाव, वय, पत्ता सांगायचा, निनावी सल्ला दोन्ही बाजूंनी चालत नाही. कॉल तुम्ही लावलात म्हणजे तुमची संमती आहे असं धरतात, वेगळी सही लागत नाही. १६ किंवा त्याहून कमी वयाचं मूल असेल तर बरोबर मोठं माणूस हजर लागतंच. फी नेहमीसारखी घेता येते, पावती मात्र द्यावी लागते. आणि आजकाल फार महत्त्वाची झालेली गोष्ट म्हणजे एआयला परस्पर सल्ला द्यायची किंवा औषध लिहून द्यायची परवानगी यात नाही, ते डॉक्टरांच्या मदतीला असू शकतं, पण बोलणार आणि लिहिणार डॉक्टरच.

औषधांचा भाग जरा नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त वादावादी इथेच होते. नियमांत औषधांचे गट पाडलेत. पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, असलं साधं काही असेल तर डॉक्टर नुसत्या फोनवर किंवा मेसेजवरही सांगू शकतात. त्याच्या वरचा गट आहे तो पहिल्यांदाच बोलत असाल तर फक्त व्हिडिओवर पेशंटला बघून लिहिता येतो. तिसरा गट फक्त फॉलोअपला, म्हणजे बीपीची एक गोळी चालू आहे आणि बीपी खाली येत नाहीये, मग तिच्या जोडीला दुसरी द्यायची, तसं. आणि शेवटचा गट कॉलवर द्यायचाच नाही, त्यात नशेसाठी गैरवापर होऊ शकतो अशी कडक नियंत्रणातली औषधं येतात, मॉर्फिनसारखी दुखण्याची औषधं आणि सवय लागणाऱ्या बऱ्याच गोळ्या. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणतात "कॅमेरा चालू करा, नुसत्या आवाजावर मी अँटिबायोटिक देणार नाही" किंवा "ही झोपेची गोळी फोनवर मिळणार नाही, या" तेव्हा त्यांच्यावर चिडू नका, ते नियम पाळतायत आणि त्यात आपलंच भलं आहे. उलट चार मेसेजवर वाट्टेल ते लिहून देणारा भेटला तर तिथून काढता पाय घ्या.

फॉलोअप कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे. त्याच आजारासाठी, आधी प्रत्यक्ष भेटलात त्याला सहा महिन्यांच्या आत, आणि त्याच डॉक्टरांशी बोलताय तर तो फॉलोअप. वर्षभर गेलाच नाहीत किंवा मध्येच नवीन काहीतरी दुखायला लागलं तर डॉक्टरांच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा नवे पेशंट. यावरून साधा हिशेब निघतो: निदान शक्यतो प्रत्यक्ष भेटून, पुढची देखरेख कॉलवर, आणि अधूनमधून परत प्रत्यक्ष. बीपी, साखर, थायरॉईडचे रिपोर्ट दाखवणं, गोळीचा डोस कमी-जास्त करणं, ऑपरेशननंतर टाके कसे भरतायत ते दाखवणं, गावाकडे राहणाऱ्या आईवडिलांसाठी मुंबईतल्या डॉक्टरांचं दुसरं मत घेणं, यासाठी व्हिडिओ कॉल उत्तम. मनाच्या आजारांसाठी तर फारच, कारण तिथे तपासणीचा मोठा भाग बोलणं आणि ऐकणं हाच असतो आणि ओळखीचं कोणी बघेल म्हणून दवाखान्याची पायरी न चढणारी माणसं घरातून बोलतात. त्यासाठी सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, १४४१६ नंबर, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलतात. हा नंबर फोनमध्ये ठेवाच, आपल्याला नाही तर बिल्डिंगमधल्या एखाद्या पोराला लागेल.

आता कशासाठी नाही. छातीत दाब किंवा दुखणं, त्याबरोबर घाम आणि दुखणं हाताकडे-जबड्याकडे जाणं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, कारण लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्याच आत देता येतं आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्यातला एक तास असाच जातो. श्वास घेता न येणं, फिट, डोक्याला मार लागून उलट्या, न थांबणारा रक्तस्राव, पोटात असह्य कळ, गरोदर बाईला रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. यातलं काहीही असेल तर कॉल १०८ ला लावायचा, ती अ‍ॅम्ब्युलन्स महाराष्ट्रात फुकट आहे, नाहीतर सरळ जवळचं हॉस्पिटल गाठायचं. व्हिडिओवरचा डॉक्टरही अशा वेळी फक्त प्रथमोपचार सांगून "ताबडतोब निघा" इतकंच म्हणू शकतो.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण जून ते ऑक्टोबर मुंबईत घरोघरी ताप असतो आणि सगळ्यांना वाटतं कॉलवर गोळी घेऊन भागेल. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होतो तो), साधा व्हायरल, सुरुवातीला सगळे सारखेच दिसतात, अंग दुखतं, डोकं दुखतं, थंडी वाजते, आणि कॅमेऱ्यातून यातलं कुठलं ते कोणालाच ओळखता येत नाही, रक्त तपासावंच लागतं. मग कॉलचा उपयोग काय, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून कुठल्या टेस्ट करायच्या ते लिहून घ्यायचं, महापालिकेच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये रक्त द्यायचं आणि रिपोर्ट घेऊन परत बोलायचं. तोवर अंगदुखीला मनाने आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डेंग्यू निघाला तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं, उलट ताप उतरताना पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं असं काही दिसलं तर कॉलची वाट न बघता हॉस्पिटल. गुडघाभर साचलेल्या पाण्यातून चालत घरी आला असाल तर ताप नसला तरी ७२ तासांच्या आत डॉक्टरांशी बोला असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते, लेप्टो होऊ नये म्हणून आधीच गोळी द्यायची की नाही हे त्यांना ठरवायचं असतं. हे बोलणं मात्र फोनवर छान होतं.

तर आता तयारी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण कॉल चांगला होतो की वाया जातो ते इथेच ठरतं.

बीपी घ्या. घरोघरी मशीन असतं पण घेतात कसं तर चहा पिऊन, बोलत बोलत, पाय लोंबकळत ठेवून, ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून. असं घेतलेलं बीपी डॉक्टरांना सांगितलं तर ते बिचारे त्या आकड्यावर गोळी वाढवणार, आणि मग उठल्यावर चक्कर. चहा-तंबाखू-जिना यानंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसवा, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. एकदा घ्या, एक मिनिट थांबा, परत घ्या, दोन्ही आकडे लिहा. हे कॉलच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ केलंत तर डॉक्टरांना जे चित्र मिळतं ते ओपीडीत एकदाच घाईघाईत घेतलेल्या बीपीपेक्षा कितीतरी खरं असतं, कारण दवाखान्यात तर बऱ्याच जणांचं बीपी नुसत्या भीतीनेच वाढतं. साखरेचंही तसंच, उपाशीपोटीची कधी, जेवणानंतरची कधी, वेळ लिहिलेली हवी, नुसतं "एकशेसाठ आली" याला अर्थ नाही. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल तर नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

गोळ्या. "ती पांढरी छोटी सकाळची आणि ती गुलाबी" असं सांगू नका. सगळ्या पट्ट्या एका ताटात घेऊन बसा, नाव दिसेल अशा बाजूने, म्हणजे एकेक करून कॅमेऱ्याला दाखवता येतात. त्यात आयुर्वेदिक काढा, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, मेडिकलवाल्याने दिलेली गॅसची गोळी, हे सगळं आलं पाहिजे. कुठली गोळी घ्यायची राहून जाते तेही खरं सांगा, महाग आहे म्हणून अर्धी करून घेताय तेही सांगा, डॉक्टर रागावले तरी चालेल, बहुतेक वेळा ते स्वस्तातली दुसरी लिहून देतात.

सूज. हे मी जवळून बघितलंय म्हणून सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना हार्टचा त्रास आहे, त्यांच्या कॉलला फोन धरायला मी होते. काकू म्हणाल्या "बरंय, थोडी धाप लागते इतकंच." डॉक्टर म्हणाले, "काकू, साडी जरा घोट्याच्या वर घ्या, आणि ताई, कॅमेरा नडगीवर आणा. सूनबाई, तुम्ही हाडावर अंगठा ठेवा, घोट्याच्या चार बोटं वर, दाबून धरा, पाच आकडे मोजा, सोडा." सोडलं तर अंगठ्याएवढा खड्डा तसाच राहिलेला, हळूहळू भरत होता. समोरून ट्यूबलाईटमध्ये तो दिसेना, मग खिडकीचा उजेड बाजूने येईल असा पाय वळवला आणि तिकडे डॉक्टरांना नीट दिसला. त्यांनी विचारलं, "चप्पल होते का अजून?" काकूंनी पट्टा दोन भोकं सैल केला होता, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मग विचारलं रात्री उशा किती घेता, तर एकीच्या तीन झालेल्या. धाप, सूज, उशा, या तीन गोष्टींवरून त्यांना कळलं की अंगात पाणी साठतंय, पाणी कमी करायची गोळी वाढवली, काही रक्ताच्या टेस्ट लिहिल्या आणि परवा प्रत्यक्ष बोलावलं. स्टेथोस्कोप तिथे नव्हताच, अंगठा सुनेचा होता, पण काय शोधायचं ते डॉक्टरांना माहीत होतं. अशी तपासणी सांगून करून घेणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका.

लहान मुलांच्या खोकल्याला श्वास मोजणं असतं तसंच. मूल शांत असताना, रडत असताना नाही, अंगातला सदरा वर करून पोट-छाती वर-खाली होते ती पूर्ण एक मिनिट मोजायची, घड्याळ समोर ठेवून. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं आणि प्रत्यक्ष दाखवायलाच लागतं. फोनवर आवाज तुटतो, चित्र अडकतं, त्यामुळे श्वास डॉक्टरांना कॅमेऱ्यातून मोजता येईलच असं नाही, तुम्ही मोजून सांगा.

त्वचेवर काही असेल तर कॉल चालू असताना हलता कॅमेरा दाखवण्यापेक्षा आधी फोटो काढून पाठवा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एक लांबून म्हणजे अंगावर नेमकं कुठे आहे ते कळेल, एक जवळून आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे आकार कळेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की बारीक होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आहे तसा पोचतो. आणि फोनमधला चेहरा गोरा-गुळगुळीत करणारा फिल्टर बंद करा, पुष्कळ फोनमध्ये तो आपोआप चालू असतो, त्याने पुरळ पुसलं जातं आणि रंग बदलतो. पिवळ्या बल्बखाली सगळेच कावीळ झाल्यासारखे दिसतात, त्यामुळे डोळे-जीभ दाखवायची ती खिडकीपाशी येऊन.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल अ‍ॅपवाले फार बोलत नाहीत पण मुंबईत सगळ्यात मोठी अडचण तीच आहे: घरात एकटं बसायला जागा कुठे आहे? दहा बाय बाराच्या खोलीत सासरे टीव्ही बघतायत, मुलं अभ्यास करतायत, मध्ये लाकडी पार्टिशन, बाहेर चाळीची गॅलरी आणि तुम्हाला डॉक्टरांना सांगायचंय की अंगावरून पांढरं जातंय, किंवा नवरा मारतो, किंवा जीव नकोसा झालाय. बायका मग "सगळं ठीक आहे" म्हणतात आणि कॉल संपतो. यावर काही मार्ग आहेत, अगदी पक्के नाहीत पण उपयोगी आहेत. कॉलची वेळ दुपारची घ्या, घर रिकामं असतं तेव्हाची. इअरफोन लावा म्हणजे निदान डॉक्टर काय विचारतायत ते कोणाला ऐकू जात नाही. सुरुवातीलाच सांगा "डॉक्टर, मी एकटी नाहीये", चांगला डॉक्टर लगेच हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतो. नाजूक गोष्ट तोंडाने न बोलता कॉलच्याच चॅटमध्ये टाईप करा. गच्ची, सोसायटीचं ऑफिस, मैत्रिणीचं घर, जिथे रेंज आहे आणि कान नाहीत ती जागा आधी हेरून ठेवा. आणि हेही जमत नसेल तर अशा गोष्टींसाठी प्रत्यक्ष ओपीडीच बरी, तिथे डॉक्टर बरोबरच्या माणसाला बाहेर थांबायला सांगू शकतात. घरातल्या पुरुषांना एक विनंती: बायकोचा, आईचा, सुनेचा कॉल असेल तेव्हा पंधरा मिनिटं खाली जाऊन या.

याचीच दुसरी बाजू म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे कॉल. मुलगा फोन धरतो आणि सगळी उत्तरं तोच देतो, "आईला झोप लागते, भूक आहे, काही नाही", आई शेजारी गप्प. फोन स्टँडवर किंवा डब्याला टेकवून आईच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा, आवाज मोठा करा, आणि आधी तिला बोलू द्या, राहिलेलं नंतर तुम्ही सांगा. ऐकू कमी येत असेल तर डॉक्टरांचं वाक्य तुम्ही कानाशी परत सांगा पण उत्तर तिचं असू द्या. आणि गावाला राहणाऱ्या आईच्या वतीने मुलाने मुंबईतून एकट्याने कॉल करायचा असेल तर त्यालाही नियमांत जागा आहे, डॉक्टर नात्याचा पुरावा किंवा पेशंटचं संमतीचं पत्र मागू शकतात, मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका.

पैसे नसतील तर? सरकारी ई-संजीवनी आहे, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली, त्यातली घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. वेबसाईट किंवा अ‍ॅप, मोबाईल नंबर टाकला की ओटीपी, मग टोकन, थोडं थांबलं की डॉक्टर स्क्रीनवर, आणि शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन डाऊनलोड करायचं, सगळं फुकट. फेब्रुवारी २०२३ पर्यंतच यावर दहा कोटींहून जास्त सल्ले झाले होते. डॉक्टर दरवेळी तोच मिळेल असं नाही, त्यामुळे जुने कागद फोनमध्ये तयार हवेत. याचा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, त्यात पेशंट जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जातो, तिथला डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचारी बीपी वगैरे तपासतो आणि तो स्क्रीनवरून मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाशी बोलतो. म्हणजे तपासणारे हात शिकलेले मिळतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा चालवता येत नाही त्यांच्यासाठी हेच खरं कामाचं आहे.

फसवणुकीबद्दल थोडक्यात पण ठासून. गुगलवर हॉस्पिटलचं नाव टाकून जो पहिला नंबर दिसतो तो हॉस्पिटलचाच असेल असं नाही. चोर तिथे स्वतःचे नंबर टाकून ठेवतात, अपॉइंटमेंट बुक करायला "फक्त पाच रुपये भरा" म्हणून लिंक किंवा एखादी फाईल पाठवतात, ती फाईल फोनमध्ये टाकली की बँकेचं खातं साफ. हॉस्पिटलचा नंबर जुन्या केसपेपरवरून किंवा त्यांच्या अधिकृत वेबसाईटवरून घ्या. फी यूपीआयने भरायला काहीच हरकत नाही, पण अपॉइंटमेंटसाठी कोणी अ‍ॅप टाकायला लावलं, स्क्रीन शेअर करायला सांगितलं किंवा ओटीपी विचारला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण. डॉक्टर खरा आहे का ही शंका असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवरच्या यादीत बघता येतो, त्यात लाजायचं काही नाही.

कॉल चालू असताना नेट गेलं तर घाबरून पाच वेळा परत लावू नका, सुरुवातीलाच ठरवून घ्या की तुटलं तर डॉक्टर साध्या फोनवर कॉल करतील की तुम्ही करायचा. फोन चार्ज करून ठेवा, वही-पेन जवळ ठेवा, आणि त्रास कधीपासून, कशाने वाढतो, कशाने कमी होतो या तीन ओळी आधीच लिहून काढा, ऐनवेळी बोलायचं राहतं.

प्रिस्क्रिप्शन आल्यावर मेडिकलमध्ये जायच्या आधी वाचा. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, तुमचं नाव आणि वय, औषधाचं नाव, किती, कधी, किती दिवस. नुसता मेसेज "ही गोळी घ्या" हे प्रिस्क्रिप्शन नाही. तो कागद आणि पावती दोन्ही फोनमध्ये एका फोल्डरमध्ये टाका. विम्यात ओपीडीचा खर्च मिळत असेल तर टेलिमेडिसिनचाही द्यावा असं विमा नियामकाने जून २०२० मध्येच कंपन्यांना सांगितलेलं आहे, पण साध्या पॉलिसीत बऱ्याचदा ओपीडीच नसते, त्यामुळे आपली पॉलिसी बघून घ्या.

आणि फोन ठेवायच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचाच: "काय झालं तर मी वाट न बघता यायचं?" उत्तर वहीत लिहा, घरातल्या दोघांना वाचून दाखवा. हार्टच्या पेशंटला डॉक्टर म्हणतील तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर या, साखरेवाल्याला म्हणतील ७० च्या खाली गेली तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. टाक्यांवाल्याला म्हणतील पू, लाली पसरणं किंवा ताप. आणि रात्री बारानंतर असं काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, तेही त्याच वेळी विचारून त्याच पानावर लिहून ठेवा.